कै. नावाचा फोल्डर

"अण्णा, ह्या डब्याला काहीही झालेलं नाही," टेबलाखालून तस्नीम मुल्लाचा आवाज आला. "ठणठणीत आहे. ह्याला कुणीतरी राबवतंय."

मी खुर्चीवर बसून तिच्यासाठी बॅटरी धरली होती. गेले तीन दिवस मी तेवढंच करत होतो. इचलकरंजीच्या आमच्या दैनिकात मी तेवीस वर्षं 'चिमटे' नावाचं सदर लिहिलं, पण त्या इमारतीत माझ्या हातून झालेलं पहिलं उपयोगी काम म्हणजे ती बॅटरी. पेपर आता बंद पडलाय. नाव सांगत नाही. गेलेल्याची बदनामी नको.

"राबवतंय म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय. दुपारी तीनला सुरू होतं, साडेचारला थांबतं. रोज. रविवार सोडून."

"मग सरकारी खात्यातलं भूत असणार."

ती बाहेर आली. स्कार्फला जाळी लागली होती. ती झटकत म्हणाली, "हसू नका. तुमच्या मालकांनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर ग्रामीण आवृत्ती बंद करणार म्हणालेत."

हसण्यासारखं खरंच नव्हतं. डबा म्हणजे चार डिस्का पोटात असलेला एक काळा खोका. जुन्या डार्करूममध्ये कपाटावर ठेवलेला. ऑफिसातले अठरा कॉम्प्युटर वायरींनी त्याला जोडलेले. पानं, बातम्या, फोटो, जाहिराती, सगळा संसार त्याच्या पोटात. दोन वर्षं तो गुमान चालला आणि २०१२च्या उन्हाळ्यात दुपारचा रुसायला लागला. पान उघडायला सांगावं, खाली जाऊन चहा घ्यावा, वर यावं, तरी ते गोल चक्र आपलं फिरतंय. ग्रामीण आवृत्ती सहाला सुटायची. शिरोळ-हातकणंगल्याच्या गाड्या दारात हॉर्न वाजवत उभ्या असायच्या. दोनदा तर पाच नंबरचं पान कालचंच गेलं. एकाही वाचकाने तक्रार केली नाही, हे आमच्या संपादकांना, मगदूमसाहेबांना, फार लागलं.

त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"अण्णा, तुम्ही दुपारी काय करता?"

"विचार."

"तो थांबवा आणि त्या मुल्लाबाईंना मदत करा. ग्रामीण आवृत्तीवर अकरा माणसं आहेत. त्यांच्या घरी जाऊन मला सांगायला लावू नका."

तस्नीम जयसिंगपूरहून स्कूटरवर यायची. तिशीची असेल. डॉक्टरासारखे प्रश्न विचारायची. कधीपासून? सगळ्यांना की एकालाच? उघडताना अडकतं की ठेवताना? पहिल्या दिवशी तिने कपाटाच्या पायाखाली चेंगरलेली एक वायर काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तीनला डबा पुन्हा बसला. दुसऱ्या दिवशी व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम दुपारी चालायचा, तो तिने पहाटे नेला. पुन्हा टाळ्या. तीनला डबा पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी तिने चारही डिस्का तपासल्या. माझ्यापेक्षा धडधाकट निघाल्या. एक भलीमोठी फाइल इकडून तिकडे पाठवून पाहिली, तर मिनिटात पोचली. त्या दिवशी टाळ्या वाजवायला कुणी आलं नाही.

"मोठं ओझं उचलतो," ती म्हणाली, "म्हणजे ताकद आहे. ह्याला कुणीतरी पोतंभर मोहरी एकेक दाणा करून निवडायला बसवलंय."

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. तिने आपल्या लॅपटॉपवर डब्याशी कोण कोण जोडलंय त्याची यादी काढली. सतरा मशिनं एकेक-दोन-दोन फाइली मागत होती. अकरा नंबरचं मशीन मिनिटाला शेकड्याने मागत होतं.

"अकरा नंबर कुणाचा?"

"जाहिरात विभाग. कबाडेताई."

"आणि हा फोल्डर? नुसतं 'कै.' लिहिलंय."

मला तिला ते समजावून सांगावं लागलं. आमचा पेपर बातम्यांवर चालत नव्हता. तो चालायचा प्रथम पुण्यस्मरण, द्वितीय पुण्यस्मरण आणि भावपूर्ण श्रद्धांजलीवर. माणूस गेला की घरचे फोटो घेऊन यायचे, दरवर्षी त्याच तारखेला पुन्हा यायचे. ते सगळे फोटो ह्या एका फोल्डरात. फाइलला नाव नाही, कारण बाबासो पाटील नावाचेच तिथे तीनशे असतील. फक्त साल, महिना आणि नंबर.

"जुने काढत का नाही?"

"एकदा एका क्लार्कने काढला होता. त्याच आठवड्यात त्याचे सासरे गेले."

"मग?"

"मग काय? मेलेल्या माणसाला आपल्या हाताने कोण पुसणार? तेव्हापासून काढणं बंद."

"ह्याची दुसरी प्रत कुठे ठेवलीय?"

"मालक म्हणाले, मेलेल्याची दुसरी प्रत कशाला."

तस्नीमने तो फोल्डर उघडला. आधी नुसते करडे चौकोन आले. मग एकेका चौकोनात चेहरा भरायला लागला. म्हातारे, फेटेवाले, नऊवारीतल्या बायका, एक शाळेचा बेल्ट लावलेला मुलगा. मोजदाद खाली आली : एक्केचाळीस हजार दोनशे सहा. वर कौलांवर ऊन तापलेलं होतं, बाहेर माग खटखटत होते, आणि त्या बंद खोलीत ही मंडळी एकेक करून आमच्याकडे बघायला लागली होती.

"या अल्ला," तस्नीम पुटपुटली आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे आमचे दादा, अब्बांचे वडील. २००७चे. इथं कैलासवासी झालेत."

"इथे सगळ्यांना प्रवेश आहे," मी म्हटलं. "बाहेर नव्हता तो सलोखा आम्ही इथे आणलाय."

ती हसली, पण तिने फोल्डर लगेच मिटला.

जाहिरात विभागात आम्ही गेलो तेव्हा कबाडेताई खुर्चीत अगदी ताठ बसली होती. विजयमाला कबाडे. पन्नाशीला आलेली, बारीक, कपाळावर ठसठशीत कुंकू. ग्रामीण आवृत्तीच्या सगळ्या जाहिराती ती लावायची. तिच्या हातून काना-मात्रेची चूक कधी गेली नाही. जेवणाची सुट्टी ती सगळ्यांचं झाल्यावर तीनला घ्यायची. जेवणाचा डबा खाल्लेला, धुतलेला, बाजूला पालथा. पडद्यावर चेहरे भरत होते आणि ती एकेक ओळ खाली सरकवत होती.

आम्हाला बघून तिने हात थांबवला.

"ताई, रोज तुम्हीच बघता हे?" तस्नीमने विचारलं.

"बघते जरा."

"ह्याच्यानं सगळा पेपर अडतोय."

ताईच्या तोंडाचा रंग गेला. "माझ्यामुळं? मी तर नुसती बघत होते ओ. काही लावत नाही, काढत नाही. बघितल्यानं काय होतंय?"

"डब्याला प्रत्येक फोटो तुम्हाला दाखवायला लहान करावा लागतो."

"अगं बाई." तिने दोन्ही हात मांडीत घेतले, तापल्या तव्याला लागल्यासारखे.

तस्नीम आणखी काही विचारणार होती. मी तिला खुणेने बाहेर काढलं आणि स्वतः आत थांबलो, कारण मला समजलं होतं. निदान समजलंय असं वाटलं होतं. प्रश्न विचारून त्याचं उत्तरही आपणच देऊन टाकायचं, ही सदर लिहिणाऱ्याची खोड आहे. दर आठवड्याला आठशे शब्द भरायचे तर समोरच्याची वाट बघून चालत नाही.

ताईचा नवरा, दशरथ कबाडे, मागांच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. कधीतरी एक धोटा, आडवा धागा नेणारा टोकदार लाकडी ठोकळा, मागातून उडून त्याच्या डाव्या कानावर बसला होता, पाळीचा तुकडाच गेला होता. संध्याकाळी बायकोला न्यायला तो ऑफिसच्या पायरीवर येऊन बसायचा आणि मी दिसलो की ओरडायचा, "अण्णा, आज चिमटा बसला न्हाई बगा! नुसतं गुदगुल्या झाल्या!" गावात माझं लेखन वाचून खरं बोलणारा तेवढा एकच माणूस. २००३ला तो भिवंडीला कामाला म्हणून गेला. सहा महिने पत्रं आली. मग पत्रं थांबली. ताई कुंकू लावत राहिली आणि कुणी तिला काही विचारलं नाही.

"ताई," मी म्हटलं, "दशरथ ह्यात नाही ना, हे बघता ना रोज?"

ती माझ्याकडे बघत राहिली.

"नाहीये तो ह्यात. असता तर आम्हाला कळलं नसतं का? असेल कुठेतरी मजेत."

तिने पालथा घातलेला जेवणाचा डबा पिशवीत भरला. मला वाटलं, धीर आला तिला.

तस्नीमचा उपाय सरळ होता. सगळं साल-महिन्याच्या कप्प्यांत वाटायचं, आणि एकाच माणसाचे दहा-दहा फोटो होते त्यातला एक ठेवून बाकीचे वेगळ्या डिस्कवर हलवायचे. कप्पे मशीन पाडणार होतं. पण हा आणि तो एकच माणूस आहे हे ओळखायला माणूस हवा होता. ऑफिसात कुणी तयार होईना. वाचनखात्यात प्रुफं तपासणारे गुरव म्हणाले, माझी साडेसाती चालू आहे. क्रीडा पानाचा भोसले म्हणाला, माझी सुरू व्हायचीय.

"मी बसतो," मी म्हटलं. "मला साडेसाती नाही. मी सदर लिहितो."

"अण्णा, एक लक्षात ठेवा," तस्नीम बजावून म्हणाली. "हलवायचं. काढायचं नाही. इथून काढलं की गेलं. परत आणायला मी नाही, कुणी नाही."

ताईला आम्ही सांगितलं, काम होईपर्यंत तो फोल्डर उघडू नका.

"किती दिवस?"

"दहा-बारा."

"बारा दिवस?" तिने पडद्याकडे बघितलं. "बरं. पण जपून हाताळा हं अण्णा."

तिने फोल्डर उघडणं थांबवलं त्याच दुपारपासून डबा पळायला लागला. मालकांनी ग्रामीण आवृत्तीला जीवदान दिलं. मगदूमसाहेबांनी भडंग मागवला. अकरा माणसांच्या नोकऱ्या वाचल्या त्यात ताईचीही होती, आणि ते मी तिला दोनदा ऐकवलं.

मग मी त्या मंडळींबरोबर बसायला लागलो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

पहिल्या दिवशी गंमत वाटली. गावात एक फोटोवाला होता, त्याच्याकडे एक निळा कोट आणि लाल टाय होता. खरा नव्हे, कॉम्प्युटरमधला. आयुष्यभर बंडी घातलेल्या माणसाला मेल्यावर तो तोच कोट चढवायचा. चारशे-पाचशे माणसं त्या एका कोटात निघाली. कुणाची मान आखूड, कुणाची तिरकी, कोट तोच. लग्नाच्या ग्रुपमधून कापलेले फोटो होते. त्यांच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात राहून गेलेला असायचा, नुसता मनगटापर्यंत. एका बाईच्या कडेवरचं मूल कापलं होतं, पण तिने ते घट्ट धरलेलं तसंच दिसत होतं.

चौथ्या दिवशी जेवताना मी बायकोकडे बघितलं, तर तिच्याभोवती मला चौकट दिसली. मी तिला तसं सांगितलं नाही. तिने भाजी वाढताना विचारलं, "असं काय टक लावून बघताय? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच दिसले का?" सहाव्या दिवसापासून रस्त्यात भेटणारा प्रत्येक माणूस ओळखीचा वाटायला लागला. त्याला बघितलंय, पण कुठे, ते आठवलं की मी नमस्कार न करता पुढे जायचो. आठव्या दिवशी डोळे मिटले तरी ते खालून वर सरकत राहायचे, ओळीने, करड्या चौकोनातून एकेक भरत.

नवव्या दिवशी दुपारी, २००९च्या जुलैत, एकोणीस नंबरला दशरथ होता.

निळा कोट. लाल टाय. मिशी काढलेली, केस मागे हटलेले. मी पुढे सरकलो होतो. मग मागे आलो. डाव्या कानाची पाळी तुटलेली होती. फोटोवाल्याने कोट चढवला, पण कान जोडायला विसरला.

मी खाली जाऊन त्या महिन्याच्या पेपरांची बांधलेली फाइल काढली. आतल्या पानावर, तळाला, काडेपेटीएवढी चौकट. छपाईत फोटोचा नुसता काळा ठिपका झालेला. 'प्रथम पुण्यस्मरण. कै. दशरथ सखाराम कबाडे. शोकाकुल : पत्नी सुरेखा, चि. हृषीकेश व समस्त परिवार, भिवंडी. इचलकरंजी येथील नातेवाईक व मित्रमंडळींस कळावे.'

म्हणजे तीन वर्षांपूर्वी आमच्याच पेपरात आलं होतं. मी स्वतःच्या सदरापलीकडे आमचा पेपर कधी वाचला नव्हता, पण गाव वाचत होतं. गाव तर पहिल्यांदा तेच पान उघडत होतं. शेजारणींनी वाचलं असणार, जॉबर लोकांनी वाचलं असणार, ऑफिसातल्या निम्म्यांनी वाचलं असणार. आणि ताईला कळू नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरात गप्प बसून घेतलं असणार. इतकी वर्षं मी ह्या गावाच्या वाचाळपणावर लिहीत आलो. ह्या गावाला गप्प बसता येतं, हे मला माहीत नव्हतं.

वर येऊन मी खुर्चीत बसलो. तीन दिवसांनी फोल्डर उघडा होणार. डबा आता झपझप चेहरे दाखवणार. आजवर चेहरे भरायच्या आतच ताईची सुट्टी संपत असेल, जुलै २००९पर्यंत ती कधी पोचलीच नसेल. आता दहा मिनिटांत पोचेल. तिथे नवरा मेलेला, आणि तोही दुसरीचा नवरा म्हणून. दोन्ही एकाच चौकटीत.

हलवता आलं असतं. पण हलवलेलं कुणीतरी कधीतरी उघडतं. मी एकोणीस नंबर निवडला आणि काढून टाकला. मशीनने विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की.

मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर तसं बरं वाटल्याचं आठवत नाही.

बाराव्या दिवशी फोल्डर उघडा केला. तीनला ताई बसली. मी पेपर चाळण्याच्या मिषाने समोरच्या टेबलावर. चेहरे आता भरभर भरत होते. ती सरकवत गेली, थांबली, मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"अण्णा, सगळे आहेत ना ह्यात?"

"सगळे."

"हलवलेल्यात कुणी एकटं गेलं नाही ना? ज्याचा एकच होता असं?"

"छे. एकच होता ते सगळे इथेच."

साडेचारला ती उठली नाही. पाचलाही नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. दहा मिनिटांत जुलै संपायचा, मग ती पहिल्यापासून सुरू करायची. डबा आता इतका चांगला चालत होता की कुणालाच काही कळलं नाही. पाचव्या दिवशी तिने हलवलेल्यांची डिस्क मागून घेतली आणि तीही बघितली. शनिवारी दुपारी विभागात दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुम्ही काढलात."

"काय काढलं?"

"दोन हजार नऊ, जुलै, एकोणीस नंबर."

माझ्या हातात पेन होतं. ते मी खाली ठेवलं.

"दुसरं कोण काढणार?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "बाकीचे भितात. तुम्हीच तेवढे भीत नाही."

"ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल."

"जाहिरात मीच लावली होती अण्णा."

ती उभ्या उभ्याच सांगत गेली.

"भिवंडीहून पाकीट आलं. फोटो आणि मजकूर. पत्नी सुरेखा लिहिलं होतं, मी सुरेखा लावलं. पोराचं नाव कागदावर लागेना. हृषीकेश की ऋषीकेश? म्हणून खाली नंबर होता त्यावर फोन केला."

"कुणी उचलला?"

"तिनंच. चांगलं बोलली. म्हणाली, बाई, फोटो जरा मोठा घ्या, तिकडं त्यांची लई ओळख होती. मी म्हटलं, घेते. पण जागा तेवढीच होती."

बाहेर माग चालूच होते. इचलकरंजीत शांतता हवी असेल तर वीज जावी लागते.

"मग हे..." मी स्वतःच्या कपाळाकडे बोट नेलं.

"जाहिरातीत माझं नाव नव्हतं. मग मी कशाला पुसू?"

"मग रोज काय शोधत होता?"

"शोधत नव्हते ओ." तिने टेबलाची कड धरली. "लग्न झाल्यावर मी त्यांच्या कारखान्यासमोरच्या दवाखान्यात कामाला होते. तीनला पहिली पाळी सुटायची. मी खिडकीत. चारशे माणसं एकदम बाहेर. सगळ्यांच्या केसांत कापूस, सगळी एकसारखी. बघत राहायची, बघत राहायची, आणि मग त्यांतनं हे यायचे." तिने टेबलावरचा कागद सरळ केला. "एकोणीस नंबर मला पाठ होता. एकदम उघडला असता. पण एकदम नको वाटायचं. गर्दीतनं येऊ देत, असं."

मी म्हटलं, "घरी फोटो असेल ना?"

"एक होता लग्नातला. पुरात गेला."

"पेपरची फाइल..."

"तिथं डाग आहे नुसता. आणि खाली त्या सगळ्यांची नावं. डब्यात ते एकटे होते."

तस्नीमला मी त्याच दिवशी फोन केला. ती रविवारी आली, दुपारभर डब्यासमोर बसली, लॅपटॉप मिटला. "मी सांगितलं होतं ना अण्णा," एवढंच म्हणाली. भिवंडीच्या नंबरावरही मी फोन लावला. तो आता एका कुरिअरवाल्याकडे होता. फोटोवाल्याने सांगितलं, त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात गेला.

सोमवारी हे सगळं ताईला सांगायला गेलो. तीनचा सुमार होता. पडदा बंद होता आणि ती नुसती बसली होती.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्यासाठीच केलं असणार."

ह्यापेक्षा तिने चप्पल हातात घेतली असती तर बरं झालं असतं.

मी जायला वळलो तर म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्यांना रोज पायरीवर बघत होता. शेवटचा फोटो पण नीट बघितलाय तुम्ही. माझ्या आता नीट डोळ्यांसमोर येईनात. वीस दिवसांत सगळं हललंय. सांगा की, कसे दिसायचे?"

मी स्टूल ओढून बसलो. शब्दांचा धंदा केलेला माणूस मी, एका चेहऱ्याचं वर्णन म्हणजे काय विशेष? कानापासून सुरुवात केली. कान पक्का होता. मग कपाळ. मग डोळे म्हणालो आणि माझ्यासमोर एक्केचाळीस हजार चेहऱ्यांचे डोळे खालून वर सरकायला लागले. भुवया कुणाच्या, जिवणी कुणाची, काही धरता येईना. निळा कोट तेवढा स्थिर होता. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. खिडकीत उभी असल्यासारखी.

थांबणं शक्य नव्हतं. मी सांगत गेलो. डोळे जरा घारे. नाक सरळ, शेंड्याला किंचित बसकं. हसताना उजवा गाल आधी वर जायचा. ती मान हलवत होती. मधेच म्हणाली, "हो, हो, तसंच," आणि पदराने डोळे टिपले. मी सांगत राहिलो.

त्यानंतर ती निवृत्त होईपर्यंत, आठवड्यातून एकदा तरी, मी ते सांगितलं. दर वेळी तेच सांगावं लागायचं, म्हणून घरी एका वहीत लिहून ठेवलं होतं.

ताई आता भाचीकडे कुरुंदवाडला असते. माझे डोळे गेलेत, लिहिणं बंद आहे, हे सगळं नातीला सांगून लिहून घेतोय. जुलैत ताईचा फोन येतो. ह्या वर्षीही आला. तब्येतीचं विचारून झालं, पावसाचं झालं, मग म्हणाली, "अण्णा, काल भाचीला त्यांचं सांगत होते. त्यांच्या हनुवटीवर तीळ होता ना? डावीकडं?"

वहीत तीळ नाही. मी कधी तीळ सांगितला नव्हता.

"होता," मी म्हटलं. "डावीकडेच."